बावन्न आणि सत्तावन्न

देवगाव फाट्यावरच्या एका वर्कशॉपात मी कार्डं लिहायचो. काम एवढंच. कुणी बैलगाडीत घालून डिझेल इंजिन आणायचं, कुणी पाण्याचा पंप, आणि आलेल्या प्रत्येक यंत्राच्या दुखण्याचं एक कार्ड व्हायचं. जाड पुठ्ठ्याचं, पोस्टकार्डाएवढं, कोपऱ्यात भोक आणि भोकात बारीक तार. ती तार यंत्राला बांधली, की दुरुस्त होईपर्यंत ते यंत्र आमचं.

सुरुवातीला कार्डावर मी सगळी कहाणी लिहायचो. शेतकरी खिडकीशी कोपर टेकून सांगायला लागायचा, "काय हाय मुनशी, परवापासून खोकायलंय बघा. काल तर दोनदा बंद पडलं. मेव्हणा आलता, त्यानं हँडल मारलं तवा कुठं चालू झालं." मेव्हणा कुठला, कशाला आला होता, हेही त्यात यायचं. यातलं काय गाळावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी मेव्हण्यासकट सगळं उतरवून घ्यायचो. मग कार्ड मोठ्या मिस्त्रींकडे जायचं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. म्हणजे मी कार्डामागोमाग आत जायचं आणि ते वाचून दाखवायचं. चाचा तोवर इंजिनाला कान लावून उभे असत. माझं अर्धं वाचून झालं की म्हणत, "बस कर बाबा. मेव्हण्याचं राहू दे. नोझल भरलंय कचऱ्यानं." तेवढ्यात बाहेर आणखी चार बैलगाड्या येऊन थांबलेल्या.

त्या वर्षांत फाट्यावर गर्दी वाढतच होती. मोठा दुष्काळ सरला होता आणि ज्याला त्याला विहिरीवर इंजिन हवं झालं होतं. इंजिन नवं आणि चालवणारा त्याहून नवा, त्यामुळे आम्हाला काम कमी नव्हतं.

मी तिकडचा नव्हतो. माझं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, डोंगर उतरल्यावर. सातवीत नापास झालो आणि परत बसलो नाही. त्याच साली वडील गेले होते. पुढे कौलं वाहणाऱ्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. फिरत फिरत तो ट्रक फाट्यावर दुरुस्तीला थांबला तेव्हा मला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे. ड्रायव्हरने ट्रक नीट करून घेतला, मला वर्कशॉपच्या बाकड्यावर ठेवलं आणि तो नांदेडच्या रस्त्याला लागला. जाताना म्हणाला, येताना घेतो. पंधरा दिवस मी त्याची वाट पाहिली.

ते पंधरा दिवस आणि पुढचा सव्वा महिना मला मालकांच्या घरून जेवण आलं. मालकीणबाईंना मी काकू म्हणायला लागलो. त्या माझ्यासाठी रोज भात शिजवायच्या. त्या मुलखात तेव्हा भात सणासुदीला व्हायचा. घरची माणसं ज्वारीची भाकरी खायची आणि बाकड्यावरचा परका माणूस भात. एकदा मी म्हटलं, "काकू, मला भाकरी चालेल." त्या म्हणाल्या, "तुला चालंल रे. तुझ्या पोटाला इचारलं का?" मी बरा झाल्यावर मालकांनी विचारलं, "लिवता येतं का?" मी हो म्हटलं. किती शिकलास, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे एवढं लांबण लावायचं कारण आहे. पुढे मी जे केलं ते उपकार विसरून केलं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मला उपकार सकाळ-संध्याकाळ आठवायचा, आणि तीच पंचाईत होती. यांनी मला बाकड्यावरून उचललं. उद्या यांनी जा म्हटलं तर मी कोणत्या तोंडाने राहा म्हणायला लावणार? माझ्याजवळ ना हातातली कारागिरी, ना शाळेचा कागद. रात्री आडवा झालो की दिवसभरातल्या मालकांच्या प्रत्येक शब्दाचा मी कीस काढायचो. "बरं" म्हणाले, तर कसं म्हणाले?

एक दिवस मालक खिडकीत आले, माझ्या हातातलं कार्ड घेऊन त्यांनी कुणाच्या तरी मेव्हण्याची हकिगत शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "मुनशी, हे कार्ड हाय का कादंबरी?"

मी उभाच राहिलो. वाटलं, संपलं.

पण मालक तिथेच स्टूल ओढून बसले. तरुणपणी, निजामाच्या अमलात, ते हैदराबादेला एका कारखान्यात होते. तिथे म्हणे प्रत्येक कामाला नंबर होता. कार्डावर गोष्ट लिहायची नाही, नंबर टाकायचा. कारागिराने नंबर बघायचा आणि हत्यार उचलायचं. "आपण तसंच करू," ते म्हणाले. "तुझी बोटं वाचतील आन् चाचाचा कान."

आता आकडे कुठले घ्यायचे, यावर अर्धा दिवस गेला. मराठी म्हटले तर चाचांना येईनात. चाचांचे उर्दू आकडे दुसऱ्या कुणाला येईनात. शेवटी मालकांनी भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बोट दाखवलं. प्रत्येक पान्यावर त्याचं माप इंग्रजी आकड्यात कोरलेलं असतं. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. एक अक्षर न येणारा माणूसही पाना उचलताना तो आकडा वाचतोच. तेच घ्यायचे ठरले. त्या दिवशी मला मालकांच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

दहाची ओळ इंजिनाच्या हेडची. विसाची पिस्टनची. तिसाची बेअरिंगांची, चाळिसाची डिझेलच्या वाटेची, पन्नासाची पाण्याच्या पंपाची. ओळीच्या आत जशी कामं आठवली तसे नंबर पडत गेले. एक्केचाळीस म्हणजे नोझल साफ करणे. शेचाळीस म्हणजे डिझेलचा पंपच उघडणे. बावन्न म्हणजे पाण्याच्या पंपाच्या ग्लँडमधली दोरी बदलणे, जी गेली की शाफ्टच्या कडेने पाणी गळतं. अर्ध्या तासाचं काम. सत्तावन्न म्हणजे तो शाफ्टच बाहेर काढून लेथवर पाठवणे; तीन दिवस.

आणि काम खरंच पळायला लागलं. शेतकऱ्याने मेव्हण्यापर्यंत यायच्या आत माझं कार्ड लिहून झालेलं असायचं. मी ऐकायला शिकलो. इंजिन "रडतंय" म्हणजे काय, "दम धरत न्हाई" म्हणजे काय, "गुळणी टाकतंय" म्हणजे काय, हे मला कळायला लागलं. आकडे मग कार्डावरून तोंडात आले. चाचांना विडीचा खोकला होता. खोकून खोकून लाल झाले की खिडकीकडे तोंड करून ओरडत, "मुनशी, माझ्या छातीचं बी कार्ड फाड! एक्केचाळीस!" बारा म्हणजे हेडचं गॅस्केट. मालक तापलेले असले की आतून कुणीतरी हळूच सांगायचं, "जपून रे, आज सकाळीच बारा उडालंय."

पन्नासाची ओळ सांभाळणारा फिटर माझ्याच वयाचा, सेलूकडच्या एका खेड्यातला. बौद्ध घरातला, मॅट्रिक पास. आमच्यात सगळ्यांत शिकलेला तोच. काळ्या हातांनी तो वर्तमानपत्राचं पान कडेला धरायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचा. चाचा डोळे मिटून ऐकायचे. माझ्याशी तो कधी वाकडं बोलला नाही. तरी मला त्याची भीती वाटायची. त्याने "काय मुनशी" म्हटलं की मला वाटायचं, याला माझी सातवी माहीत आहे.

मालकांनी पहिली यादी ज्या कागदावर लिहिली होती, तो महिनाभरात डिझेल पिऊन पिऊन फाटला. त्याआधी मी ती एका छोट्या वहीत उतरवून घेतली होती. नवीन काम निघालं की नवीन नंबर मी तिच्यात चढवायचो आणि ज्याची ओळ त्याला सांगायचो. चाचांना इंजिनाच्या ओळी पाठ, फिटरला पंपाची. सगळ्या ओळी एका ठिकाणी मात्र फक्त माझ्या वहीत होत्या, आणि वही माझ्या खिशात.

"याचा एक तक्ता करून लाव भिंतीला," मालक म्हणाले होते. "काळा पत्रा, पांढरा रंग. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा."

मी हो म्हटलं. दीड वर्ष मी हो म्हणत होतो. कधी पत्रा मिळाला नाही, कधी ब्रशाचे केस गेले होते, कधी नंबर अजून पक्के झाले नव्हते. खरं कारण मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललो नाही. तक्ता लागला की ज्याला वाचता येतं तो कुणीही कार्ड लिहील. मग मला ठेवायचं कशाला?

एकदा दोन दिवस मला ताप होता. वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी पडून होतो. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः कोरी कार्डं घेऊन खोलीत आले. "तू नुसतं सांग, मी लिवतो. बाहेर बाजार भरलाय." माझ्या अंगात फणफणून ताप, आणि त्या तापात मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. माझ्यावाचून अडलं होतं.

फाल्गुनात बहिणीचं पत्र आलं. तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखातला गुरुवार, सकाळचा मुहूर्त. तिचं अक्षर उतरतं होतं, ओळी कोपऱ्याकडे घसरलेल्या. लिहिलं होतं, "दादा, कान पिळायला तूच पाहिजेस. काकांचा मोठा म्हणतो मी पिळतो. मी सांगितलं, माझा भाऊ जिवंत आहे." आमच्याकडे लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, की बाबा रे, हिला नीट सांभाळ, आम्ही बघतो आहोत. वडील नव्हते. भाऊ मी एकटा. चार वर्षांत मी एकदाच घरी गेलो होतो, तेही तीन दिवस.

मालकांपुढे पत्र घेऊन उभा राहिलो तर ते म्हणाले, "सख्ख्या बहिणीचं लगीन आन् इचारतोस कामून? जा की. आठ-दहा दिवस राहून ये. फक्त जायच्या आधी तो तक्ता लाव. उन्हाळ्याचे दिवस, विहिरी खोल गेल्यात, इंजिनं लय यायलेत. तुझ्या माघारी कार्डं कोण लिवणार?"

काकू आतून म्हणाल्या, "आणि जाताना तिच्यासाठी एक पातळ ने माझ्याकडून."

सुट्टी मिळाली, पातळ मिळालं, आणि मी पुरता अडकलो. तक्ता लावला तर खुर्ची जाणार. नाही लावला तर लग्न. बाहेर कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. खिडकीला गज होते ते शेतकऱ्यांनी हात घालू नये म्हणून; मी मात्र त्यांच्या आत बसून दिवस मोजत होतो. चैत्र सगळा असा गेला. मालक विचारायचे, "झाला का तक्ता?" मी म्हणायचो, "करतोच." चाचा एकदा म्हणाले, "मुनशी, बहिणीच्या लग्नाचं तोंड असं असतं का? नवरा लंगडा हाय का काय?"

शेवटच्या आठवड्यात मी पत्रा काळा केला आणि रविवारी, वर्कशॉप बंद असताना, पांढरा रंग घेऊन बसलो. दहाची ओळ नीट लिहिली. अक्षर चांगलं येत होतं. बाविसावर आलो. बावीस म्हणजे पिस्टनच्या रिंगा, अठ्ठावीस म्हणजे पिस्टनभोवतीची नळी, लायनर, नवीन घालणे. माझ्या हाताने बाविसापुढे लिहिलं, "लायनर नवीन." अठ्ठावीसपुढे "रिंगा बदलणे." हे मी आधी ठरवून बसलो नव्हतो. पण चूक झाली असंही म्हणता येत नाही, कारण चाळिसाच्या ओळीत मी एक्केचाळीस आणि शेचाळीस यांची अदलाबदल केली ती सरळ डोळे उघडे ठेवून. पुढे बावन्न आणि सत्तावन्न. तीन जोड्या. बाकी सगळं बरोबर.

मला एवढंच हवं होतं की मी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणावं, "मुनशी असता तर असं झालं नसतं." त्या तीन-चार दिवसांत कुणाचा पंप उगाच उघडला जाईल, कुणाचं पीक वाळेल, हे माझ्या मनातच आलं नाही. भीती माणसाला इतकं जवळचं बघायला लावते की पलीकडचं दिसत नाही.

सोमवारी दुपारी तीनच्या एस.टी.ने निघायचं होतं; दिवसातून तेवढी एकच गाडी. परभणी, तिथून सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून सावंतवाडी. बुधवारी संध्याकाळी घरी, गुरुवारी लग्न. ट्रंक बांधून खोलीच्या दाराशी ठेवली होती. वर पातळाची पिशवी.

सकाळी मालक म्हणाले, "आज खिडकीत मी बसतो. तक्त्यावरनं मला जमलं तर कुणालाबी जमंल. तू नुसतं बघ."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो. पहिली दोन कार्डं नीट गेली. दहाच्या ओळीची होती. मग एक शेतकरी आला, बैलगाडीत पंप. "मालक, गळ्यापाशी धार लागलीय. निम्मं पाणी तिथंच चाललंय. माझ्या भुईमुगाला पाण्याची पाळी हाय, आजच्या आज द्या."

मालकांनी चष्मा चढवला. बोट तक्त्यावरून खाली खाली आलं. "ग्लँड... ग्लँडची दोरी... सत्तावन्न." त्यांनी कार्डावर आकडा टाकला आणि स्वतः जाऊन तार बांधली. मी तोंड उघडलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी स्टुलावरून हललो नाही.

फिटरने कार्ड पाहिलं, पंप पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. "मालक, नुसती दोरी गेलीय याची. शाफ्ट कामून काढायचा?"

"शाफ्टचं कोण म्हणलं? दोरीच म्हणलं मी."

"सत्तावन्न लिवलंय."

"मग? तक्त्यात बघ."

शेतकरी मध्येच घाबरला. "शाफ्ट काढला तर कवा देता?"

"तीन दिवस," फिटर म्हणाला.

"तीन दिवसांत भुईमूग उपटून चुलीत घालावा लागंल मला!"

फिटर तक्त्यासमोर येऊन उभा राहिला. पन्नासाची ओळ त्याने एकदा वाचली. मग वरच्या ओळींकडे गेला. त्या त्याच्या नव्हत्या, म्हणून मान न वळवता त्याने आत हाक मारली, "चाचा, एक्केचाळीस म्हंजी काय?"

"नोझल साफ!" आतून आवाज.

"हितं डिझेल पंप हाय. बावीस?"

"रिंगा."

"हितं लायनर हाय."

चाचा हात पुसत बाहेर आले. तक्ता त्यांना वाचता येत नव्हता. ते माझ्याकडे बघायला लागले. "मुनशी, तब्येत बरी हाय ना तुझी? इकडं बघ. डोळे दाखव." त्यांनी खरोखर माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. त्या अंगठ्याला डिझेलचा वास होता. "पिवळं तर न्हाई दिसत."

"घाई," मालक म्हणाले. "बहिणीच्या लग्नाची घाई. होतं असं. माणूस इथं बसलेला, जीव तिकडं." ते हसले आणि फिटरकडे वळले. "तू मॅट्रिक हाईस ना? ही तीन-चार खोडून नीट कर. चाचा सांगतील तसं. मुनशी, तू नीघ. तीनची धर."

त्या क्षणी गोष्ट मिटली होती. मला काही करायचं नव्हतं. ट्रंक उचलायची आणि फाट्यावर जाऊन उभं राहायचं. पण मला दिसत होता तो फिटर, तक्त्यासमोर, हातात माझा ब्रश. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी म्हटलं, "नको मालक. चूक माझी आहे. मीच दुरुस्त करून जातो."

मालकांना ते इमानाचं वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलंस का," ते फिटरला म्हणाले, "याला म्हणतात जिम्मेदारी."

 फिटर शेतकऱ्याच्या पंपाची दोरी बदलायला गेला.

तैलरंग नुसता पुसून जात नाही. रॉकेलने घासायचा, मग काळा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मगच वर पांढरं लिहायचं. ऊन कडक होतं, तरी काळा वाळायला वेळ लागला. मी पत्रा उन्हात आडवा ठेवून त्याच्याजवळ बसलो. दर थोड्या वेळाने बोट लावून बघायचो आणि बोट काळं व्हायचं. तीन वाजता एस.टी. आली. फाट्यावर थांबली, दोन माणसं उतरली, एक बाई टोपली घेऊन चढली. मी ब्रश हातात धरून पाहत होतो. कंडक्टरने घंटी मारली. उद्याच्या तीनच्या गाडीने निघालो तर गुरुवारी संध्याकाळी पोचेन, हा हिशोब मी तेव्हाच मनात केला होता. मुहूर्त सकाळचा.

पाच वाजता तक्ता पुन्हा भिंतीवर गेला. मी हात धुवायला नळावर गेलो. फिटर आधीच तिथे होता, राखेने हात घासत.

"बस गेली ना मुनशी?"

"गेली."

"लगीन कवा हाय?"

"गुरुवारी. सकाळी."

त्याने घासणं थांबवलं. "मग गेले कामून न्हाई? मालक म्हणले होते की जा."

मी पाणी हातावर घेत राहिलो.  तो म्हणाला, "तिन्ही जोड्या बराबर उलट्या होत्या. एक चुकली तर घाई म्हणावं. तीन कशा चुकतात, तेबी जोडीजोडीनं?"

मी चिमूटभर राख घेऊन पुन्हा हात घासायला लागलो.

"माझं भेव वाटतं का तुमाला?" तो म्हणाला. आवाज त्याने वाढवला नव्हता. "लय आधी, तुमी बाकड्यावर पडून होते ना, तवाच मालकानं मला इचारलं होतं. खिडकीत बस म्हणून. म्या न्हाई म्हणलं. दिवसभर गजाआड बसून दुसऱ्याचं दुखणं लिवायचं, हे माझ्यानं व्हायचं न्हाई. आन् मला हातचं काम येतं. मंग मालक म्हणले, त्या कोकण्याला इचारून बघतो." तो हात झटकत उठला. "कामून सांगायलो, तर तुमी ज्याच्यासाठी बस सोडली ती खुर्ची मला नको होती. आजबी नको हाय."

तो गेला. मी नळ बंद करायचं विसरलो. ज्या जागेच्या भीतीने मी दीड वर्ष तक्ता अडवला, ती जागा मला मिळाली होती ती कुणाला तरी नको होती म्हणून. आणि ते कळलं ते बस गेल्यावर.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. ना चाचांना, ना मालकांना. पुढे कित्येक वर्षं आम्ही एकाच चुलीवरचा चहा प्यायलो, त्याने एकदाही त्या दिवसाकडे बोट केलं नाही. ज्या माणसांचे उपकार मी मोजतो त्यांत काकूंच्या भातानंतर तोच येतो.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. मालकांना नेमका दिवस मी सांगितला नव्हता; त्यांना वाटत होतं, लग्न शुक्रवारी-शनिवारी असेल. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं. परभणीला रात्रीची गाडी मिळाली. सोलापूर, कोल्हापूर. प्रत्येक स्टँडवर मी घड्याळाकडे बघायचो, जणू बघितल्याने ते मागे सरकेल. गुरुवारी सकाळी घाटात आमची गाडी गरम झाली आणि ड्रायव्हर पाण्याला उतरला. मी खाली उतरून दरीकडे तोंड करून उभा राहिलो. याच वेळी अंतरपाट धरला असेल, आता अक्षता पडत असतील, आता भटजींनी हाक दिली असेल, नवरीचा भाऊ कुठे आहे म्हणून.

सावंतवाडीहून गावच्या गाडीत बसलो तेव्हा दुपार कलली होती. वाटेत एका वळणावर झेंडूच्या माळा लावलेली जीप आमच्या गाडीला बाजू द्यायला थांबली. टपावर ट्रंका बांधलेल्या. आत कोण होतं ते धुळीत दिसलं नाही. मी बघितलं आणि डोळे मिटले.

घरासमोर मांडव होता. खाली पत्रावळी गोळा करून ठेवल्या होत्या, कुत्री हुंगत होती. काकांचा मोठा मुलगा कानपिळीत मिळालेल्या नव्या शर्टपीसची घडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. मला बघून उठला. "पिळला रे," तो म्हणाला, "मीच पिळला. कोणीतरी पिळायलाच हवा होता." त्याला वाटत होतं मी भांडेन. मी पातळाची पिशवी त्याच्या हातात दिली, का कुणास ठाऊक.

आई मागच्या दारी मोठी भांडी घासत होती. मला बघून तिने हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले आणि जवळ आली. रडून रडून चेहरा सुजलेला होता, पण तो मुलगी गेली म्हणून. माझ्यावर राग दिसत नव्हता. तिने मला चुलीपाशी बसवलं. पानात भात वाढला, वर आमटी, कोपऱ्यात उरलेला एक लाडू. मी जेवत होतो आणि ती समोर बसून बघत होती.

मग तिने विचारलं, "थंय तुझ्याशिवाय चलना नाय, म्हणान रवलंस मां?" तिथं तुझ्यावाचून चालत नाही, म्हणून राहिलास ना?

तिने ते अगदी सरळ विचारलं. टोमणा नव्हता त्यात. सातवीत नापास झालेला तिचा मुलगा, घाटावर एवढ्या लांब, आणि तिथे त्याच्यावाचून एक कारखाना अडतो. घास माझ्या तोंडात होता. तो गिळेपर्यंत ती थांबली.

मी म्हटलं, "होय."

तिचा चेहरा उजळला. माझ्या पानात आणखी भात टाकून ती उठली आणि कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारायला लागली.